घाट चढणारी सायकल

सायकल ही आपल्या घरातलीच वस्तू. तिच्यावरून दुधाचे कॅन जातात, भाजीच्या पाट्या जातात, मुले शाळा गाठतात. पण रस्ता जरा चढणीचा लागला, की आपण निमूटपणे खाली उतरतो आणि सायकल हाताने लोटू लागतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र जगात अशीही माणसे आहेत, की सायकलीवरून डोंगर चढणे हाच त्यांच्या पोटापाण्याचा धंदा आहे.

फ्रान्स, इटली आणि स्पेन या देशांत दरवर्षी तीन-तीन आठवडे चालणाऱ्या सायकल शर्यती होतात. सपाटीवर सारे स्वार घोळक्याने पळतात. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवला, की मागच्याचे श्रम वाचतात. घाटात तसे होत नाही. वेग कमी झाला, की आडोशाचा उपयोग फारसा उरत नाही. आपले ओझे आपणच वर न्यायचे! म्हणून शर्यतीचा खरा निकाल बहुधा घाटातच लागतो.

चढ मोजतात कसा? शंभर मीटर पुढे गेल्यावर रस्ता जितके मीटर उंच जातो, तितका शेकडा चढ. आपल्या बोरघाटात रेल्वे ३७ फुटांना १ फूट चढते, म्हणजे शेकडा तीनपेक्षाही कमी. तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. आता फ्रान्समधला व्हाँतू डोंगर पाहा. २१ किलोमीटरचा रस्ता आणि सरासरी चढ शेकडा साडेसात. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढाई दीड हजार मीटरांच्या वर भरते. आपले कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज करा. चांगले स्वार एवढा चढ तासाभराच्या आत संपवतात.

लोहाराचा भाता

फ्रान्सची शर्यत १९०३ साली सुरू झाली. १९१० साली ती प्रथमच पिरेनीज पर्वताच्या उंच घाटांतून गेली. त्यांतला तुर्माले घाट २,११५ मीटर उंच. रस्ते कच्चे, सायकली जड. पुष्कळांनी सायकल हातात धरून पायीच घाट चढला.

याच तुर्मालेच्या उतारावर १९१३ साली युजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. शर्यत जिंकण्याची त्याला उत्तम संधी होती. पण नियम असा, की दुरुस्ती ज्याची त्याने करायची, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर घेतली आणि दहा-बारा किलोमीटरांहून अधिक वाट पायी तुडवून खालचे गाव गाठले. तिथे लोहाराचे दुकान होते. हा गडी मूळचा कुलपे करणारा कारागीर. त्याने स्वतः लोखंड तापवले, ठोकले आणि चिमटा जोडला. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून एका पोराने तेवढा भाता ओढला. तेवढ्यावरून क्रिस्तोफला मिनिटांचा दंड झाला! त्याचे कित्येक तास आधीच गेले होते. तरीही तो पुढे निघाला आणि त्याने शर्यत पुरी केली. त्या गावात त्याच्या आठवणीचा फलक आहे.

उन्हाचा घाट

व्हाँतूच्या माथ्यावर झाड नाही. जहाजांच्या लाकडासाठी पूर्वी तिथली झाडे तोडली गेली. आता वर नुसते पांढरे दगड, ऊन आणि वारा. १३ जुलै १९६७ रोजी इंग्लंडचा टॉम सिम्पसन तिथे कोसळला. लोकांनी त्याला पुन्हा सायकलीवर बसवले; थोडे अंतर जाऊन तो परत पडला, तो कायमचाच. वय अवघे २९. त्याने उत्तेजक औषधे आणि दारू घेतली होती. थकव्याची जाणीव बुजली, पण अंगातली उष्णता थांबली नाही. त्या काळी स्वारांना पाणी पुरवण्यावरही बंधन होते. पुढे औषधांची तपासणी कडक झाली, तरी हा रोग त्या धंद्यातून सहजी गेला नाही.

स्पेनमधला अँग्लिरू घाट तर गुरे चरायला नेण्याच्या वाटेवरचा. लांबी साडेबारा किलोमीटर, सरासरी चढ शेकडा दहाच्या आसपास, आणि एका टप्प्यावर शेकडा २३ च्याही वर. त्या टप्प्याच्या नावातच शेळ्या आहेत! १९९९ साली स्पेनची शर्यत प्रथम तिथे गेली. २००२ साली पावसात तिथे मागच्या मोटारीही अडकून पडल्या. पडून-धडपडून वर आलेल्या डेव्हिड मिलरने अंतिम रेषेच्या तोंडाशी थांबून आपला क्रमांक काढून दिला, पण रेषा ओलांडली नाही. हा त्याचा निषेध होता.

हे घाट चढणारे लोक अंगाने बहुधा सडपातळ असतात, आणि त्यांत शेतकऱ्यांची मुले कमी नाहीत. कोलंबिया देशातला नाइरो किंताना हा भाजीपाला पिकवणाऱ्या गरीब घरातला. शाळा दूर, घर उंच डोंगरात. सकाळी जाताना उतार आणि संध्याकाळी येताना चढ. जुन्या सायकलीवर रोज हाच रस्ता तुडवता तुडवता तो तयार झाला. २०१४ साली त्याने इटलीची आणि २०१६ साली स्पेनची शर्यत जिंकली.

या लोकांकडून आपणही थोडे घ्यावे. चढाच्या सुरुवातीलाच जोर संपवू नका. पायांची लय एकसारखी ठेवा. तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्या. आणि उताराला लागण्यापूर्वी ब्रेक तपासा. मुलगा किंवा मुलगी चढाच्या रस्त्याने शाळेला जात असेल, तर त्या सायकलीचे ब्रेक आणि चाकातली हवा आज रात्रीच पाहून ठेवा.