लहान डोळ्याचे बाळ आणि लहान डोळ्याचा उंदीर

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. नांदेडला माझ्या दवाखान्यात मुखेडकडचे एक कुटुंब चार महिन्यांचे बाळ घेऊन आले. बाळाची आई, आजी आणि एक चुलते. बाळाचा डावा डोळा उजव्यापेक्षा उघडपणे लहान होता आणि त्याची बाहुली गोल नसून खाली ओघळल्यासारखी, किल्लीच्या भोकासारखी दिसत होती. मी काही विचारण्याआधीच आजीने सांगून टाकले, "गिऱ्हाणात सुपारी कातरली हिनं, डॉक्टरसाब. नको नको म्हनलं तर ऐकलं न्हाई." आई मान खाली घालून बसली होती. तिने एकदाही वर पाहिले नाही.

वाचकहो, हे वाक्य मी तीस वर्षांत इतक्यांदा ऐकले आहे की आता मी वाद न घालता तारखा विचारतो. आजी म्हणत होत्या ते ग्रहण २५ ऑक्टोबर २०२२ चे, दिवाळीतले खंडग्रास सूर्यग्रहण. बाळ जानेवारीच्या अखेरीस, दिवस पूर्ण भरून जन्मले. म्हणजे ग्रहण लागले तेव्हा सहावा महिना चालू होता. आता डोळा केव्हा तयार होतो ते पाहा. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असताना मेंदूच्या जागी दोन बारीक खाचा पडतात, त्या म्हणजे डोळ्यांची सुरुवात. पुष्कळ बायांना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. पुढे त्या खाचेची वाटी होते, आणि वाटीच्या खालच्या बाजूला एक चीर राहते. ती सातव्या आठवड्यापर्यंत मिटावी लागते. मिटली नाही तर बुबुळात किंवा आतल्या पडद्यात खालच्या बाजूला फट राहते. तिला आम्ही कोलोबोमा म्हणतो. या बाळाला तेच होते. जी चीर दुसऱ्या महिन्यात मिटायची राहिली, तिचा सहाव्या महिन्यातल्या सुपारीशी काय संबंध?

मग ती का मिटली नाही? याचे उत्तर शोधायला माणसाच्या गर्भात डोकावता येत नाही. ते उत्तर बरेचसे उंदरांनी दिले आहे.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरी रॉबर्ट्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९६७ साली प्रयोगशाळेतल्या काही उंदरांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे डोळे जन्मतः लहान असत. प्रत्येक प्राण्यात बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. या उंदरांत एक प्रत बिघडलेली असेल तर डोळे लहान होत. दोन्ही बिघडलेल्या असतील तर पिलाला डोळेही नसत आणि नाकही नसे, आणि ते जन्मताच मरे. तो जनुक कोणता हे १९९१ साली एडिंबऱ्यातच कळले. त्याचे नाव पॅक्स-६. त्याच सुमारास माणसातल्या अनिरिडिया या विकाराचा जनुक हाती लागला, तर तोही हाच निघाला! अनिरिडियात बुबुळ जवळजवळ नसतेच. डोळा नुसता काळाभोर दिसतो, उन्हात उघडवत नाही, नजर थरथरत राहते. लातूरला असे एक कुटुंब माझ्या पाहण्यात आहे. आजोबा, मुलगा आणि नात, तिघेही दुपारी डोळ्यांवर हात धरूनच चालतात. गावात त्यांना देवीचा कोप झालेले घर म्हणतात. कोप वगैरे काही नाही, अकराव्या गुणसूत्रावरचा एक जनुक तेवढा बिघडलेला आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातील संशोधकांनीही २००४ साली दक्षिण भारतातल्या अनिरिडियाच्या कुटुंबांत याच जनुकातले बिघाड दाखवून दिले.

पॅक्स-६ ची आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत १९९५ साली उंदराचा हा जनुक माशीच्या पायात आणि पंखात कामाला लावला, तर तेथे डोळे उगवले. उंदराचे नव्हे हं, माशीचेच! जनुक फक्त 'येथे डोळा करा' एवढी आज्ञा देतो. कसला डोळा करायचा हे ज्याचे शरीर ते ठरवते. पुढच्याच वर्षी असेही दिसले की उंदरात हा जनुक गरजेपेक्षा जास्त झाला तरी डोळा बिघडतो. वरणातल्या मिठासारखे आहे हे.

मुखेडच्या त्या आईने बऱ्याच वेळाने एकच प्रश्न विचारला. "दोष रक्तातला असंल तर एकच डोळा कसा बारीक?" प्रश्न फार चांगला होता. प्रयोगशाळांत काळ्या उंदरांची एक जात जगभर वापरतात. पिढ्यान्पिढ्या भावा-बहिणींतच वीण केल्यामुळे ते सगळे जुळ्या भावंडांइतके सारखे असतात. पिंजरा एक, खाणे एक. तरीही त्यांतल्या काहींना लहान डोळा येतो, आणि तो बहुधा एकाच बाजूला, जास्त करून उजवीकडे. जनुक सारखेच असूनही शेजारच्या पिलाचे दोन्ही डोळे उत्तम असतात. म्हणजे जनुक कल देतो; पुढचे काही प्रमाणात त्या चार-दोन दिवसांत गर्भात काय घडले यावर, निव्वळ योगायोगावरही ठरते.

आता एक गोष्ट माझ्याविषयी. १९९० च्या दशकात मी आठवड्यातून एकदा लातूरला जात असे. तेथे एका जोडप्याची मुलगी आणली होती, दोन्ही डोळे अगदी वाटाण्याएवढे. मी धीर द्यावा म्हणून म्हणालो, "पुढचे लेकरू चांगले होईल, काळजी करू नका." दोन वर्षांनी मुलगा झाला. तसाच. नवरा-बायको हे आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी होते, हे मला तेव्हा कळले, कारण पहिल्या वेळी मी विचारलेच नव्हते. त्या बाईने मला एका शब्दाने दोष दिला नाही.

या प्रकारचा विकार पॅक्स-६ सारखा नसतो. येथे एक प्रत बिघडली तरी काही बिघडत नाही, दोन्ही बिघडाव्या लागतात. आई-बाप दोघेही निरोगी, पण दोघांजवळ तीच बिघडलेली प्रत लपलेली. नात्यातल्या लग्नात आजी-आजोबांकडून तीच प्रत दोघांना येण्याचा संभव वाढतो. मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका, आणि पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढच्याचा धोका कमी होत नाही. लहान डोळ्याच्या उंदरांच्या एका जातीत असा जनुक १९९६ साली सापडला आणि २००० साली माणसांच्या कुटुंबांतही तोच दिसला. त्या जोडप्यात नेमका कोणता जनुक होता हे मला सांगता येणार नाही. पण चारात एक हा हिशेब काही नवा नव्हता, तो मला कॉलेजातच शिकवला होता.

मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या बहुतेक जोडप्यांची मुले धडधाकट असतात, हेही सांगितले पाहिजे. जन्मजात व्यंगाचा धोका साधारण दुप्पट होतो, एवढेच. पण घरात एक मूल तसे झाले असेल तर हिशेब बदलतो. आणि ही संख्या किरकोळ नाही. महाराष्ट्रातल्या अंधशाळांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे १,८०० मुलांपैकी ४१ टक्के मुलांच्या अंधत्वाचे कारण डोळ्याची जन्मजात विकृती, मुख्यतः लहान डोळा किंवा डोळाच नसणे, हे होते.

सगळेच जनुकामुळे होते असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील डॉ. ग्रेग यांनी १९४१ साली दाखवले की गरोदरपणाच्या सुरुवातीला जर्मन गोवर झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मते. त्यावर लस आहे, ती मुलींना चुकवू नये. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९३३ साली अ जीवनसत्त्वाविना ठेवलेल्या डुकरिणीला डोळेच नसलेली पिल्ले झाली होती. म्हणून त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने खाव्यात असे नव्हे. गरोदरपणी त्या जास्त झाल्या तरी बाळात व्यंग येते.

अशा बाळाचे करायचे काय? लहान डोळा मोठा करण्याचे ऑपरेशन नाही, कोणी सांगितले तर पैसे देऊ नका. पण लहान डोळ्यातही थोडी नजर असू शकते, आणि चष्मा लवकर लागला तर ती कामाला येते. डोळा फारच लहान असेल तर पहिल्या काही महिन्यांतच खोबणीत साचा बसवावा लागतो, नाहीतर तेवढी बाजू चेहऱ्याबरोबर वाढत नाही. अनिरिडियाच्या मुलाला गडद चष्मा, टोपी आणि काचबिंदूसाठी नियमित दाबतपासणी हवी. घरात कोणालाच नसताना एखाद्याच मुलाला अनिरिडिया असेल तर पोटाची सोनोग्राफी आठव्या वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी करून घ्या. पॅक्स-६ च्या शेजारीच मूत्रपिंडाचा कर्करोग आवरणारा एक जनुक असतो, आणि कधी कधी दोघेही एकदमच गळालेले असतात. जनुकाची तपासणी करून तो शाबूत आहे असे कळले तर एवढी धावपळ लागत नाही. अशा तपासण्यांसाठी मी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेकडे पाठवतो, आपल्याला ते जवळ पडते. अनेकांत कारण सापडत नाही, तेही जाण्याआधीच सांगतो.

आणि आई-बाप दोघांचेही डोळे तपासून घ्या. मुखेडच्या बाळाचे वडील त्या दिवशी आले नव्हते, कामाला हैदराबादला होते. पंधरा दिवसांनी आले. त्यांना कधी कसलाच त्रास नव्हता, वर्तमानपत्र सहज वाचत. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून मी आत पाहिले, तर डाव्या डोळ्याच्या पडद्यावर अगदी तळाशी तशीच फट होती, लहानशी.

आजीला मी ते चित्र काढून दाखवले. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आमच्याकडूनच आलं." हा तुमच्या मुलाचाही दोष नव्हे, हे समजावण्यात आणखी पाऊण तास गेला. बाहेर बाकड्यावर रांग लागली होती. पुढच्या मुलाला असेच होण्याचा धोका निम्म्यापर्यंत असू शकतो, ते सौम्य असेल की जास्त हे आधी सांगता येत नाही, आणि दुसऱ्या खेपेचा विचार करण्याआधी हैदराबादला जाऊन या, असे मी चिठ्ठीवर मराठीत लिहून दिले. चिठ्ठी आजीच्या हातात न देता बाळाच्या आईच्या हातात दिली.