न समजावता बोलता येईल अशी जागा

वर्णभेदाचा मार अंगावर दिसतोच असे नाही. अपमान केव्हा होईल या धास्तीत दिवस काढले की झोप उडते, छाती धडधडते, मन खचते. नर्स म्हणून सांगते, हे ‘मनाचे खेळ’ नव्हेत.

अमेरिकेतील कवयित्री टोई डेरिकॉट यांनी ‘द ब्लॅक नोटबुक्स’ (१९९७) या पुस्तकात गोऱ्यांच्या वस्तीत राहताना आलेल्या नैराश्याविषयी उघडपणे लिहिले. १९९६ साली त्यांनी कवी कॉर्नेलियस ईडी यांच्यासह ‘केव्ह केनम’ ही कृष्णवर्णीय कवींची संस्था सुरू केली. लेखनवर्गात आपण एकटेच काळे, कवितेआधी आपले जगणेच समजावून सांगायचे, ही घुसमट थांबावी हा हेतू होता. निवासी शिबिरात कवी आठवडाभर एकत्र राहतात, लिहितात, एकमेकांना ऐकवतात.

ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी करणारेही कवी-लेखकच होते. त्यांच्या शब्दांनी अन्यायाला जाब विचारला. आतल्या दुखण्यालाही आपण शब्द देऊ या. वस्तीतल्या वाचनालयात पाचजणी बसा. जे सुचेल ते लिहा, वाचा. कुणी चुका काढू नयेत. ऐकलेले बाहेर जाऊ नये.

मात्र कविता म्हणजे उपचार नव्हे. दोन आठवडे उदासी हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. जगणे नकोसे वाटले तर थांबू नका. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच फोन करा.