गुरुजींचे ओझे आणि आपली पोरे

आपल्या वस्तीतली कितीतरी मुले आजही महानगरपालिकेच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. ऐपतवाले शिकवणी लावतात. आपल्या पोरांना जे मिळायचे ते शाळेच्या पाच-सहा तासांतच. म्हणून त्या तासांत गुरुजी किंवा बाई वर्गात असतात की नाही, हा आपल्या घरचाच प्रश्न आहे.

“मास्तर लोक फुकटचा पगार खातात,” असे आपण सहज बोलून जातो. पण त्यांच्या टेबलावर काय पडलेले असते ते पाहा. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारच्या नोंदी, वर पाठवायची ऑनलाइन माहिती, मतदारयादी! जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना कारकून नसतो. आम्ही स्वतः कारकुनी करतो. एक तक्ता जुळवायला किती वेळ जातो ते आम्हास ठाऊक आहे. दोनशिक्षकी शाळेत एकजण तक्त्यात अडकला, की दुसऱ्याने चारही वर्ग सांभाळायचे. वह्या घरी तपासायच्या. बाई असतील तर घरी गेल्यावर स्वयंपाकही त्यांच्याच वाट्याला. थकलेले माणूस चिडते आणि ती चीड पोरांवर निघते. मुलांना मारण्यास व त्यांच्या मानसिक छळास कायद्याने बंदी आहे, ती हवीच. पण शिक्षकाला उसंत मिळाली तरच वर्गात माया राहील.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ स्पष्ट आहे. दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, एवढी कामे सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचे काम लावता येत नाही. निवडणुकीचे कामही शक्यतो सुट्टीच्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. शिक्षकाचा आठवडा तयारीसह ४५ तासांचा धरला आहे.

पण कायदा आपोआप चालत नाही. त्यासाठीच शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात पाऊण सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शिक्षकांवर जादा कामे लादली जात नाहीत ना, हे पाहणे केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमावलीने समितीकडेच सोपविले आहे. आपल्यापैकी किती माता-भगिनी बैठकीला जातात? घरी आलेल्या रजिस्टरवर सही केली, की संपले!

तेव्हा बंधू-भगिनींनो, एवढे करा. बैठकीला जा. महिन्यात किती दिवस शिक्षक वर्गाबाहेर होते आणि कोणत्या कामासाठी, ते विचारून इतिवृत्तात लिहून घ्या. रिकाम्या जागा भराव्यात असा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. महानगरपालिकेची शाळा असेल तर तिच्या शिक्षण विभागाकडे. जातीचा दाखला, बँकेचे पासबुक वेळेवर द्या. बुद्धविहारात रविवारी शिकलेल्या तरुणांनी पालकांचे अर्ज भरून द्यावेत. रात्री-बेरात्री बाईंना फोन करू नका. कधी “बाई, तब्येत बरी आहे ना?” एवढे तरी विचारा.

बाबासाहेब १९१८ साली सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. शिकवणाऱ्याचे काम त्यांनी स्वतः केले होते. त्यांच्या नावाने जयंतीची वर्गणी काढणाऱ्या आपल्या मंडळांनी यंदा शाळेचा उंबरठाही चढावा. गुरुजी वर्गात परतले, तर पहिला लाभ आपल्याच लेकरांना होणार आहे.

जयभीम!