दिवाळीचा खवा, चार भाग आणि चौदा दिवस

आजचा एपिसोड छोटा आहे, पण दिवाळीच्या खरेदीआधी ऐकून ठेवा.

दरवर्षी वसुबारसेच्या आसपास एक बातमी ठरलेली. एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा छापा, भेसळीच्या संशयावरून खवा जप्त, 'नमुने प्रयोगशाळेत पाठवले'. आपण ती फॅमिली ग्रुपवर ढकलतो आणि विसरतो. मला उत्सुकता त्या शेवटच्या वाक्याची. पाठवले, मग पुढे काय?

२००६ चा अन्न सुरक्षा कायदा सांगतो की अधिकाऱ्याने नमुना फुकट उचलायचा नाही, नेहमीच्या विक्रीदराने पैसे द्यायचे. मग लेखी नोटीस. मग त्याच नमुन्याचे चार सीलबंद भाग. एक सरकारी अन्न विश्लेषकाकडे, दोन वरच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात, आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त लॅबकडे. आमच्या भाषेत हा बॅकअप. दोन रिपोर्ट जुळले नाहीत तर राखलेला भाग रेफरल लॅबकडे जातो आणि तिचा निकाल अंतिम.

दुधाचा नमुना नासू नये म्हणून त्यात काय घालतात माहितीये? फॉर्मॅलिन! हो, तेच, जे विकायच्या दुधात सापडलं तर भेसळ ठरतं. म्हणून किती घातलं ते लेबलवर लिहावं लागतं.

रिपोर्टला मुदत १४ दिवस. विरोधात गेला तर दुकानदाराला अपिलासाठी ३० दिवस. आता हिशोब करा. वसुबारसेला घेतलेल्या नमुन्याचा पहिला रिपोर्ट येईतो तुळशीचं लग्न येऊन ठेपतं. जप्त झालेला माल थांबतो, पण ज्याचा नुसता नमुना घेतला, तो खवा तोवर पेढा होऊन पोटात गेलेला असतो.

चार भाग हवेतच, नुसत्या संशयावर कुणाचा धंदा बुडायला नको. माझा आक्षेप मुहूर्तावर आहे. नाशवंत मालाचे नमुने सणाच्या तोंडावर कशाला? श्रावणातच घ्या ना!

आता आपल्या कामाचं. याच कायद्याचं कलम ४० म्हणतं, ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. दोष निघाला तर फी परत. अट एकच, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडेल: 'मी हे तपासायला देणार आहे' असं खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. काउंटरवर उभं राहून, तोंडावर! औषधांना मात्र १९४० च्या कायद्याचं कलम २६ आहे. विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडे देता येतं, दुकानदाराला आधी सांगायची अट त्यात नाही.

घरी पिष्ट तपासायचं असेल तर खवा पाण्यात उकळून गार करा आणि आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं झालं की पिष्ट आहे. नाही झालं तर एवढंच कळलं की पिष्ट नाही. बाकीची भेसळ या थेंबांना दिसत नाही.

तक्रार करायची तर बिल, दुकानाचा पत्ता आणि पाकिटावरचा १४ अंकी परवाना क्रमांक हाताशी ठेवा. महाराष्ट्र एफडीएचा टोल-फ्री नंबर: १८०० २२२ ३६५.