हरभऱ्याचं रोप रात्री कापतं कोण?

भुसावळ स्टेशनवर रात्रीच्या गाडीची वाट बघताना जरा मोबाईलमधून मान वर काढा. दिव्याभोवती पाखरं घिरट्या घालत असतात. त्यात मातकट रंगाचा, पंख पाठीवर चपटे मिटून बसलेला एखादा पतंग दिसला, तर पुढच्या पंखावर बाणाच्या टोकासारखी बारीक काळी खूण आहे का, ते बघा. असेल, तर तो बहुधा अ‍ॅग्रोटिस इप्सिलॉन. १७६६ मध्ये हुफनागेल या जर्मन अभ्यासकाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. या खुणेवरूनच इंग्रजीत त्याच्या गोताला 'डार्ट' म्हणतात.

पतंग तसा गरीब, फुलांतला मध पितो. खरा उद्योग त्याच्या अळीचा.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी हे बघितलं असेल. सकाळी शेतात जावं, तर हरभऱ्याची कोवळी रोपं जमिनीलगत कापून आडवी पडलेली. "हे काय झालं भो?" आधी संशय उंदरावर, मग बियाण्यावर, मग दुकानदारावर! चोर मात्र तिथेच, दोन बोटं मातीखाली वेटोळं करून झोपलेला. तेलकट, काळपट, पूर्ण वाढली की चार-साडेचार सेंटिमीटरची रोपं कुरतडणारी अळी. खाते थोडं, पाडते जास्त. म्हणून तर राग येतो.

हरभराच नाही, मका, कांदा, बटाटा, टोमॅटो, कोबी, तंबाखू, तिला काहीही चालतं. लहानपणी बांधावरच्या चाकवतासारख्या तणावरही भागतं. त्यामुळेच ती जवळजवळ जगभर पसरली आहे. बिहारच्या मोकामा टाळात गंगेचं पाणी ओसरलं की तिथल्या रब्बी हरभऱ्यावर ती तुटून पडते. चीन आणि अमेरिकेत तर हे पतंग वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात.

फवारणीला धावण्याआधी पेरणीपूर्वी तण काढणं, खोल नांगरणी (मागून बगळे येतातच!) आणि संध्याकाळी ओळींमध्ये गवताचे छोटे ढीग ठेवणं, हे करून बघा. रात्रभर चरून अळ्या त्याखाली लपतात. सकाळी वेचायच्या.

एक अळी बरणीत घरी आणा. तळाशी ओलसर माती, वर रोज थोडा पाला. दोन ठेवू नका, एकमेकींना खातात. काही दिवसांनी ती मातीत कोष करेल, आणि एका रात्री बरणीच्या काचेवर तीच बाणाची खूण दिसेल.