संपाचा हिशेब आणि शेलूची घरे

मुंबईतील गिरण्यांचा 1982 सालचा संप गिरणगावात सुरू झाला असला, तरी त्यातून उरलेला कायदेशीर हिशेब आता मुंबईपासून सुमारे 80 किलोमीटरवर, कर्जत तालुक्यातील शेलू या गावाशी येऊन भिडला आहे, आणि तो समजून घेण्यासाठी संपामागच्या कायद्यापासूनच सुरुवात करावी लागते.

मुंबई औद्योगिक संबंध कायदा, 1946 याने एका भागातील एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक संघटना' मान्य केली होती, म्हणजे मालकांशी वाटाघाटी करण्याचा अधिकार तिच्याकडेच राहिला, आणि मुंबईच्या गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ऑक्टोबर 1981 मध्ये बोनसच्या प्रश्नावरून चिडलेले कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे वळले आणि 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना, म्हणजे रोज गिरणीच्या दारात उभे राहून गैरहजर माणसाच्या जागी काम मिळण्याची वाट पाहणाऱ्यांना, कायम करणे या मागण्यांबरोबरच हा कायदा रद्द करावा, अशीही त्यांची मागणी होती. ज्या कायद्याविरुद्ध संप होता त्याच कायद्याने तो बेकायदा ठरला, आणि हजारो कामगार गावाकडे परतले, तरी तो अधिकृतपणे मागे मात्र कधीच घेतला गेला नाही.

पुढे 1983 साली केंद्राने मुंबईतील 13 गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. पण खरा वाद जमिनीचा निघाला. विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने 1991 साली गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे केले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी आणि एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीनंतर ही वाटणी फक्त इमारती नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि सार्वजनिक वाटा फारच आकसला. उच्च न्यायालयाने 2005 साली या दुरुस्तीला आव्हान देणाऱ्या पर्यावरणवाद्यांच्या बाजूने कौल दिला खरा, परंतु मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

गिरणी कामगारांसाठी म्हाडाने 2012 पासून 15 हजारांहून अधिक घरांच्या सोडती काढल्या, पण अर्जदार लाखाच्या वर होते. पात्रतेची अट बारकाईने पाहण्यासारखी आहे: 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार, किंवा त्याचे वारस. ही तारीख संपाच्या थोडी आधीची असल्यामुळे, संपात गेल्यावर पुन्हा कधीही कामावर न घेतलेला माणूसही घराचा हक्कदार ठरतो.

मार्च 2024 च्या शासन निर्णयाने शेलू आणि शेजारच्या वांगणी येथे खासगी विकासकांकडून 81 हजार घरे बांधण्याचे ठरले, त्यांतील 30 हजार शेलूत असून प्रत्येकासाठी कामगाराने साडेनऊ लाख रुपये भरायचे होते. लोकलने दोन तास दूर असलेले हे घर मुंबईत रोजगार असलेल्या मुलांच्या उपयोगाचे नाही, तर रत्नागिरी-साताऱ्याला परतलेल्यांनाही ते ना गाव ना मुंबई असेच वाटते. शिवाय एवढ्या कुटुंबांना पाणी, दवाखाना आणि आधीच खचाखच भरलेल्या कर्जत-खोपोली लोकलमध्ये जागा कोठून मिळणार, हा प्रश्न कर्जत-खालापूरकरांचाही आहे. या घरांना नकार देणाऱ्याचा हक्कच संपवणाऱ्या, त्या शासन निर्णयातील कलम 17 विरुद्ध जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर कामगार आणि वारस एकत्र आले, मुंबईतच घर द्या या मागणीवर अडून राहिले, आणि ते कलम वगळण्याचे आश्वासन सरकारला द्यावे लागले.