तुम्ही या जाऊन, मी बोटीवरच बसते!

आई-बाबांना घेऊन नाईल क्रूझला जायचा प्लॅन आहे? मग डेक, डिनर आणि डिस्काउंटच्या आधी आईचे गुडघे विचारात घ्या. कुठे उतरायचं, कुठे नाही आणि मुख्य म्हणजे हे ठरवायचं कुणी?

"तुम्ही या जाऊन. मी बसते इथेच."

हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर सापडणं मुश्कील. सिंहगडाच्या पार्किंगमध्ये, मॉलच्या बंद पडलेल्या एस्कलेटरपाशी, लग्नाच्या हॉलच्या जिन्याखाली आपण ते ऐकतो, "पाणी हवंय का?" असं विचारतो आणि पुढे निघतो. पण हेच वाक्य आई लक्झरला, नाईल क्रूझच्या पहिल्याच सकाळी म्हणाली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दोन वर्षांचे बोनस साठवून केलेली ट्रिप. आणि इजिप्तचं वेड मुळात तिचंच! तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवताना फळ्यावर पिरॅमिड काढणारी बाई, प्रत्यक्ष इजिप्तमध्ये येऊन बोटीच्या लॉबीत सोफ्यावर बसणार?

चूक माझी होती. "आईचे गुडघे खराब आहेत, काठी घेऊन चालते," असं बुकिंग करताना मी सांगितलं होतं. त्यावर उत्तर आलं, "मॅडम, क्रूझ आहे, चालायचं कुठे?" मला ते पटलं, हे आणखी वाईट. क्रूझ म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं? खुर्ची, गॉगल, हातात ग्लास. पण छोट्या बोटीचं गणित वेगळं असतं. मोठ्या समुद्री जहाजावर दोन-तीन हजार माणसं, डझनभर लिफ्ट आणि बोटीवरच अख्खं गाव. नाईलवरच्या बोटी म्हणजे साधारण चार-पाच मजल्यांची तरंगती हॉटेलं. जेवायचा हॉल बहुतेक वेळा सगळ्यात खाली, सनडेक सगळ्यात वर. आमच्या बोटीला लिफ्ट नव्हती. म्हणजे ब्रेकफास्ट, लंच, डिनर आणि वर संध्याकाळचा चहा. करा हिशेब!

त्यात नाईलची खास गंमत. धक्क्यावर जागा कमी, बोटी जास्त. मग त्या एकमेकींना चिकटून रांगेत लागतात. आदल्या दिवशी आमची बोट थेट धक्क्याला होती. सकाळी उठून बघतो तर मध्ये आणखी तीन! काठावर जायचं तर तीन बोटींच्या लॉबी ओलांडायच्या, प्रत्येक ठिकाणी उंबरठा आणि हलती फळी, आणि मग रस्त्यावर यायला दगडी पायऱ्या. कठडा? तो अर्ध्यावरच संपलेला. आईने हे सगळं एकदा नीट बघितलं आणि ते वाक्य म्हणाली.

किलोमीटर नको, पायऱ्या मोजा

आपण ऑफिसवाले लोक आयटिनररी वाचतो ती एक्सेल शीटसारखी. सकाळी हे, दुपारी ते, अंतर इतकं, वेळ इतका. पण गुडघ्यांना अंतराशी फारसं देणंघेणं नसतं. आई सपाट फूटपाथवर अर्धा किलोमीटर आरामात चालते. एक फुटाची एकच पायरी मात्र तिला अडवते. म्हणून प्रत्येक स्टॉपसाठी तीनच प्रश्न विचारायचे. एक, बोटीतून आणि गाडीतून उतरायचं कसं? दोन, पायाखाली काय आहे : फरशी, वाळू, उतार की पायऱ्या? तीन, मधेच दमलं तर बसायला आणि परत यायला काय सोय? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही.

लक्झर ते अस्वान ही चार रात्रींची नेहमीची क्रूझ. ती या तीन प्रश्नांच्या चाळणीतून काढली, तर चित्र ब्रोशरपेक्षा बरंच वेगळं दिसतं.

करनाक आणि लक्झर टेंपल : दोन्ही देवळं बऱ्यापैकी सपाट. करनाकच्या १३४ खांबांच्या मंडपात मान वर करून उभं राहायचं, बस्स. पण परिसर अफाट आहे आणि जमीन खडबडीत. सगळं बघायचा हट्ट धरला तर तरुण माणूसही गळपटतो. मंडप बघा, बसा, परत फिरा. लक्झर टेंपल गावातच, नदीच्या अगदी जवळ. संध्याकाळी दिवे लागल्यावर जा, ऊनही नसतं.

मेमनॉनचे पुतळे : जवळपास १८ मीटर उंचीचे दोन दगडी राजे, रस्त्याच्या अगदी कडेला. बसमधून उतरा, चार पावलं चाला, फोटो. पैसा वसूल!

हत्शेपसूतचं देऊळ : गेटपासून पायथ्यापर्यंत इलेक्ट्रिक गाडी मिळते. पुढे मोठमोठे उतार चढत वरच्या गच्च्यांवर जायचं असतं. गुडघे नको म्हणत असतील तर खालूनच बघा. मागे उभा कडा आणि त्यात कोरल्यासारखं देऊळ, हा नजारा तसाही खालूनच जास्त भारी दिसतो.

एडफू : होरसचं हे देऊळ इजिप्तमधल्या सगळ्यात सुस्थितीतल्या देवळांपैकी एक. इसवी सनपूर्व २३७ ते ५७ असं बांधकाम चाललेलं. आतमध्ये फारसा त्रास नाही. त्रास आहे तो तिथे पोहोचण्यात. धक्क्यावरून पर्यटकांना घोडागाडीने नेतात आणि तिची पायरी इतकी उंच आणि अरुंद, की गुडघेदुखीवाल्याने बघूनच हात जोडावेत. शिवाय त्या घोड्यांची अवस्था बघवत नाही. टॅक्सी मिळते, पण ती आदल्या रात्रीच सांगून ठेवावी लागते. सकाळी सहाला धक्क्यावर उभं राहून कुणी ऐकत नाही.

कोम ओंबो : हे देऊळ अगदी नदीकाठावर, बोट जवळपास दारातच लागते. थोडं चढून जायचं, पण बस नको, गाडी नको. मगर-देव सोबेक आणि थोरला होरस अशा दोन देवांचं जोड देऊळ. शेजारच्या म्युझियममध्ये खऱ्याखुऱ्या मगरींच्या ममी!

अपूर्ण ओबेलिस्क : अस्वानच्या ग्रॅनाइटच्या खाणीत अर्धवट सोडून दिलेला, सुमारे ४२ मीटर लांबीचा दगड. चढउतार, वेड्यावाकड्या पायऱ्या आणि सावली जवळजवळ नाही. हा स्टॉप बिनधास्त कट करा.

'नाही' कुणी म्हणायचं?

एवढी लिस्ट हातात आल्यावर मी काय केलं असेल? टिपिकल प्रोजेक्ट मॅनेजरगिरी! आईच्या वतीने सगळे निर्णय मीच घेऊन टाकले. एडफू चालेल, ओबेलिस्क नाही. व्हॅली ऑफ द किंग्जला तर तू व्हिजिटर सेंटरला बस, आम्ही पटकन बघून येतो. काळजी म्हणूनच, पण तिला विचारलं कुठे होतं?

विचारलं ते आमच्या गाईडने. पन्नाशीचा माणूस, आईला पहिल्या तासापासून 'मामा' म्हणायला लागला होता (तिकडे आईलाच मामा म्हणतात, बाबांचं हसू थांबेना). त्याने माझ्याकडे न बघता थेट तिला विचारलं, "मामा, तुला तुतनखामन बघायचाय की रंग बघायचेत?"

आईने एक क्षण विचार केला. "रंग."

मग त्याने सांगितलं. तुतनखामनची कबर १९२२ मध्ये सापडली म्हणून जगप्रसिद्ध. पण ती लहान, तिला वेगळं तिकीट आणि खाली जायला सोळा पायऱ्या, पुढे उतार. तिसऱ्या थुतमोसच्या कबरीला तर उभा जिना चढून मग आत उतरावं लागतं. त्याउलट चौथ्या रामसेसची कबर प्रवेशाजवळच, रुंद, सरळ आणि हलक्या उताराची. व्हिजिटर सेंटरपासून इलेक्ट्रिक गाडी जातेच. साध्या तिकिटात तीन कबरी बघता येतात. "तू एकच बघ, पण नीट बघ," तो म्हणाला.

आईने ती एकच बघितली. वीस मिनिटं. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. शेवटच्या दालनात छतावर आकाशदेवता नूत पसरलेली आहे. तिच्याखाली उभं राहून माझी आई हलक्या आवाजात मला रामसेसांची घराणी समजावून सांगायला लागली, जणू मी सातवी ब मध्ये बसलेय. मी तीन कबरी 'पटकन' करायला निघाले होते. मला आज त्यातली तीच एक आठवते.

बाहेर आल्यावर ती दमली आणि सवयीने मराठीतच म्हणाली, "खुर्ची आहे का रे?" पहारेकऱ्याने लगेच प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. अरबीतही खुर्चीला 'कुर्सी'च म्हणतात! आणि नंतर त्याने जे मागितलं त्याचंही भाषांतर करावं लागलं नाही : बक्षीस. ते आनंदाने द्या.

त्या दिवसापासून आम्ही रूल बदलला. माहिती मी काढायची, निर्णय आईचा. रोज रात्री गाईडला बसवून तीन प्रश्न विचारायचे आणि मग ती सांगणार. एडफूला तिने टॅक्सी घेतली. कोम ओंबोला संध्याकाळी सगळ्यांच्या पुढे! अस्वानला पोहोचल्यावर आला मोठा पेपर : अबू सिंबेल. १९६४ ते १९६८ मध्ये धरणाच्या पाण्यापासून वाचवायला अख्खं देऊळ कापून ६५ मीटर वर नेऊन बसवलं, ती जागा. इतिहासाच्या बाईंसाठी तर काशीच. पण अस्वानपासून सुमारे २८० किलोमीटर. पहाटे निघायचं, जायला तीन-साडेतीन तास, यायला तेवढेच. आणि त्याच दुपारी फिले.

आईने सगळं ऐकून घेतलं. "सात तास गाडीत बसले तर दुपारी माझे गुडघे उघडणारच नाहीत. मला फिले बघायचंय. अबू सिंबेलला तुम्ही या जाऊन, मी बोटीवर बसते."

तेच वाक्य! पण या वेळी पोटात गोळा आला नाही. आम्ही दुपारी परतलो, तर ती सनडेकवर. समोर करकदे, म्हणजे जास्वंदीचा लालभडक चहा, नदीत फेलुकांची शिडं आणि शेजारी पोलंडच्या एक आजीबाई, त्यांचाही गुडघा. दोघींचं एकमेकींना काय कळत होतं देव जाणे, पण जाम हसत होत्या.

फिलेला बेटावर जायला मोटरबोट लागते. धक्का स्थिर, बोट डुलती. दोन नावाडी तिला बखोटीला धरून उचलायला पुढे आले, तशी ती ठामपणे म्हणाली, "नो पुलिंग!" मग एकाने नुसता खांदा पुढे केला. तिने स्वतः तो धरला, बोट वर येण्याची वाट बघितली आणि पाय टाकला. आपणही हे लक्षात ठेवायला हवं. ओढायचं नाही, आधार द्यायचा, धरायचं त्यांनी. इसिसचं हे देऊळही पाण्यातून वाचवून शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवलेलं, १९८० मध्ये पुन्हा खुलं झालेलं. आई तिथे दीड तास फिरली. बसत, उठत, आपल्या स्पीडने.

बुकिंगआधी हे विचाराच

* बोटीला लिफ्ट आहे का? असल्यास जेवणाच्या हॉलपासून सनडेकपर्यंत जाते का, की मधेच थांबते?
* रिसेप्शन आणि जेवणाच्या हॉलच्या जास्तीत जास्त जवळच्या मजल्यावर केबिन मिळेल का? बाथरूममध्ये शॉवर टबात चढून घ्यावा लागतो का? धरायला दांडा आहे?
* दहाबिया, म्हणजे शिडाची छोटी बोट, दिसायला एकदम रोमँटिक. पण लिफ्टचा प्रश्नच नाही आणि उतरायचं ते अनेकदा थेट मातीच्या काठावर, फळीवरून.
* एखादा स्टॉप गाळला तर वेगळी टॅक्सी मिळेल का? ग्रुपमागे धावायला नको असेल तर स्वतंत्र गाईड घ्या. खर्च वाढतो, पण वसूल होतो.
* ऑक्टोबर ते एप्रिल हाच सीझन. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तिथे निरोगी गुडघेही हरतात.
* विमान बुक करतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न इमिग्रेशनची रांग बघितली की आपोआप मिटतो.
* घडीचं स्टूल, रबरी बूड असलेली काठी, नी-कॅप आणि सुट्ट्या नोटा. बॅगेत बाकी काही राहिलं तरी चालेल.

आणि हो, हे फक्त आई-बाबांसाठी नाही. फुटसॉल खेळताना लिगामेंट फाडून घेतलेले आपल्यातले कितीजण आहेत, बघा जरा आजूबाजूला!

परत आल्यावर नातेवाईकांना आई काय सांगत असेल? अबू सिंबेल राहिलं, ओबेलिस्क राहिला, दोन कबरी राहिल्या? छे! ती नूतचं छत सांगते, मगरींच्या ममी सांगते, 'नो पुलिंग' तर प्रत्येकाला करून दाखवते. परवा तिने मला व्हॉट्सअॅपवर एका नदीतल्या क्रूझचा फोटो पाठवला. डॅन्यूब की कायशी. खाली एकच ओळ : "लिफ्ट आहे का बघ. बाकीचं मी बघते."